शुक्रवारचा ताप

१

गेणबाच्या फाइलमधलं चौदावं पान फाडलेलं नव्हतं. फाडलं असतं तर दोरीपाशी कागदाची एखादी चिंधी राहिली असती. कुणीतरी दोरी सोडली, पान अलगद काढून घेतलं आणि दोरी पुन्हा बांधून ठेवली. चोरानं जाताना घरही आवरून जावं, असला प्रकार.

सुलक्षणाबाईंनी चष्मा कपाळावर सारला. पिरंगुटच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी ट्रस्टचं हे हृदयाचं इस्पितळ उभं राहिल्यापासून नऊ वर्षं नोंदींची खोली त्यांच्याकडे होती. शिक्षण बारावी. पण कुठला कागद कुठं असेल हे देवाला विचारण्याआधी लोक त्यांना विचारत.

"सापडलं?" दारातून नरहरी सरांनी विचारलं. इस्पितळाचे मोठे सर्जन. दारात उभे राहिले की दार लहान वाटायचं.

"पान नाही सापडलं. ते नाही, एवढं सापडलं."

चौदावं पान म्हणजे पंपाचा तक्ता. शस्त्रक्रियेत हृदय थांबवतात तेव्हा रक्त शरीराबाहेर काढून त्यात प्राणवायू घालणारं आणि परत आत ढकलणारं जे यंत्र, त्याला इस्पितळात सगळे पंपच म्हणत. पंप चालवणारा शैलेश दर पाच मिनिटांनी त्या तक्त्यावर आकडे लिहायचा.

घोटावड्याचा गेणबा, वय अठ्ठावन्न, गेल्या शुक्रवारी पंपावर गेला. टाके सुरेख पडले. पण पंपावर असतानाच त्याचा रक्तदाब ढासळला, दुपारी एकशे चार ताप चढला, अंग फुगलं, फुप्फुसं पाण्यानं भरली. रविवारी, गाव धुळवड खेळत असताना, गेणबा गेला. रक्त तपासलं, तर त्यात एकही जंतू नाही. आता त्याचा भाऊ हैबतराव तीन दिवस फाटकापाशी बसून होता. ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगायचा, "पंपवाल्याला आमच्या म्होरं उभा करा."

"शैलेशला मी रजेवर धाडलंय," नरहरी सर म्हणाले. "परवा शुक्रवारी पुण्याहून दुसरा पंपवाला येतोय. तुम्ही तेवढं पान शोधा, सुलक्षणाबाई. कारण शोधायला मी आहे."

"परवा कोण आहे टेबलावर?"

"आपल्या गोजराबाईची वैष्णवी."

सुलक्षणाबाईंनी फाइल खाली ठेवली. गोजराबाई म्हणजे शस्त्रक्रियेची अवजारं धुणाऱ्या मावशी. त्यांची बावीस वर्षांची एकुलती लेक वरच्या मजल्यावर तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपत होती. लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप आकसली होती. आडवी झाली की गुदमरायची.

"पुढं ढकलता नाही येणार?"

"आठवडाभर ढकललं तर ढकलायला पोरगीच राहायची नाही," सर म्हणाले आणि गेले.

सुलक्षणाबाईंनी फाइल पुन्हा उचलली. त्या स्वतः दोरीला वेणीच्या रिबिनीसारखी सुरगाठ मारत. ही गाठ चपटी होती, दुहेरी, आवळून मारलेली, आणि दोन्ही टोकं सारखी कापलेली.

असली गाठ त्यांनी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली होती.

२

शैलेश पिरंगुटात एका शेतकऱ्याच्या चाळीत भाड्यानं राहायचा. मूळचा उदगीरचा. सुलक्षणाबाई पोचल्या तेव्हा खाटेवर उघडी बॅग होती आणि तो शर्टांच्या घड्या घालत होता.

"पंपाच्या नळ्या जोडावर बसवून तुम्ही दोऱ्यानं बांधता ना, त्या गाठीला किती ताण सोसतो हो?"

"कितीही आला तरी सुटत नाही. का?"

"म्हटलं, फाइलच्या दोरीवर ती का वाया घालवलीत?"

शैलेशच्या हातातली घडी तशीच राहिली. मग त्यानं गादी उचलली आणि खालून पान काढून दिलं. वाद नाही, शपथा नाहीत. उलट सुटल्यासारखा खाली बसला.

सुलक्षणाबाईंनी तक्ता वाचला. नऊ चाळीसला पंप सुरू. दहा वीसपासून रक्तदाबाचे आकडे जिना उतरावा तसे खाली. आणि तळाला एक ओळ : 'नळ्या व स्टीलचे जोड धुऊन पुन्हा वापरलेले.'

"हे काय?"

"कृत्रिम फुप्फुस दर पेशंटला नवंच असतं, ताई. पण हृदयात घालायच्या नळ्या आणि जोड धुऊन, गॅसच्या पेटीत जंतू मारून परत वापरतो. चारचार वेळा. सगळा माल नवा घेतला तर अर्धे पेशंट दारातूनच परत जातील. सर म्हणतात, करा, पण लिहू नका. मी लिहिलं."

"मग लपवलंत कशाला?"

"लिहिताना पेशंट जिवंत होता." त्यानं मान खाली घातली. "हैबतरावांनी हे वाचलं तर म्हणतील, माझ्या भावाला उष्ट्या नळ्या घातल्या. घरी आईला काय सांगू मी?"

"या नळ्या फक्त शुक्रवारी वापरता?"

"छे! सोमवार, बुधवार, शुक्रवार. नळ्या त्याच, पंप तोच, मीही तोच."

"मग सोमवार-बुधवारचे सगळे जगले कसे?"

शैलेशनं मान वर केली. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. सगळे विचारत होते ते फक्त गेणबाचं.

"ताई, दाब पडायला लागला तेव्हा मी औषधावर औषध दिलं," तो हळू आवाजात म्हणाला. "अंगातल्या सगळ्या रक्तवाहिन्या एकदम ढिल्या पडल्यासारखं झालं होतं. आधीच्या दोघांचंही असंच…"

"आधीच्या दोघांचं?"

"ते वाचले ना. म्हणून कुणी बोललं नाही. गेणबा तिसरा होता."

३

भूल देणाऱ्या डॉक्टर मेधा रोज बावधनहून स्कूटरवर यायच्या आणि डबा संध्याकाळी खायच्या. सुलक्षणाबाईंनी त्यांना अतिदक्षता विभागाच्या मागच्या खोलीत, पोळीच्या घासासकट गाठलं.

"जंतू नाहीत, तर ताप कशाचा, डॉक्टर?"

"जंतूंशिवायही ताप येतो. आपल्या रक्तात रखवालदार असतात असं समजा. पंपावर गेलं की रक्त तासन् तास प्लास्टिकवरून धावतं. रखवालदारांना वाटतं, घरात परकं कुणी शिरलं. मग ते लाठ्या घेऊन उठतात. थोडी सूज, थोडा ताप प्रत्येकाला येतो. दुसऱ्या दिवशी ते गप झोपतात."

"आणि गेणबाचे झोपले नाहीत."

"त्यांनी घरच मोडलं. चोर नसला तरी कधी कधी दारात चोराची नुसती चप्पल दिसते ना, तेवढ्यावर." मेधांनी डबा बंद केला. "पण कसली चप्पल, ते मला सापडत नाही. जंतुसंसर्ग म्हणावं, तर एवढा लवकर भडकत नाही. हे पंप सुरू झाल्यावर चाळीस मिनिटांत झालं. शैलेशनं काही चुकीचं सोडलं असेल का पंपात?"

"तसं असतं तर सोमवारीही सुटलं असतं."

मेधा काही बोलणार तोच गोजराबाई आत आल्या. हातात चहाचे कप, काखेत पाण्याची बाटली. पन्नाशीचं शेलाटं शरीर, डोळे जागरणानं लाल.

"घ्या बाई. आन हे पानी प्या. टाकीचं न्हाई, आमच्या वरच्या झऱ्याचं हाय. तुमच्या टाकीला निस्ता पावडरचा वास."

पाणी खरंच गोड होतं. "वैष्णवी कशी आहे?"

"बसलीया. मला म्हनती, आये, तू माझ्या नळ्या धुशील नव्हं? म्हनलं, मीच धुनार. उद्या बेस्तरवार हाय. उद्या धुते, परवा तुझ्या काळजात." बोलता बोलता त्यांनी पदर तोंडाला लावला. "बाई, त्यो नवा पंपवाला हुशार हाय नव्हं?"

मेधांनी मान हलवली. सुलक्षणाबाईंनी हलवली नाही.

खोलीत परतून त्यांनी फेब्रुवारीपासूनची नोंदवही उघडली. पंधरा शस्त्रक्रिया. पहिला भडका दोन फेब्रुवारीला, दुसरा सोळाला, गेणबा दोन मार्चला. सोमवारी एकही नाही, बुधवारी एकही नाही. तिन्ही शुक्रवारी.

मधले दोन शुक्रवार मात्र कोरडे गेले होते. नऊ तारखेच्या पेशंटची शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावरच झाली होती, त्याला पंप लागलाच नव्हता. म्हणजे दोष पंपाच्या बाजूला, हे पक्कं. पण तेवीस तारखेची बाई? तीन तास पंपावर होती, आणि चौथ्या दिवशी परिचारिकांशी भांडून घरी गेली, इतकी ठणठणीत.

सुलक्षणाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. शुक्रवार माणसं मारत असेल, तर त्यानं त्या बाईला का सोडलं?

४

गुरुवारी सकाळी नऊला वीज गेली. पुण्याच्या आसपास गुरुवार हा कारखान्यांचा सुट्टीचा वार, आणि यंदा फेब्रुवारीपासून त्यांच्या तारेवरच्या सगळ्यांचीच वीज त्या दिवशी सक्तीनं बंद. इस्पितळ त्याच तारेवर.

कोठीवाले एकनाथ जनरेटरपाशी उभे राहून जगाला नावं ठेवत होते.

"हे थिएटरला आणि अतिदक्षतेला पुरतं, सुलक्षणाताई. बाकी सगळं बोंबलतं. डिस्टिल्ड पाण्याचं मशीन बंद, लाँड्री बंद, माझा पंखा बंद. तशात गोजराबाई गॅस संपवतायत. महिन्याला एक सिलिंडर लागायचा, आता दोन."

"त्या गॅसवर काय करतात?"

"पाणी तापवतात की. विचारलं तर म्हणतात, तुमाला काय कळतंय. बायकांशी कोण वाद घालणार? तुम्ही नव्हे हो, तुम्ही वेगळ्या."

"धन्यवाद," सुलक्षणाबाई कोरडेपणानं म्हणाल्या. "एकनाथ, फेब्रुवारीत असा एखादा गुरुवार आठवतो का, की वीज गेलीच नाही?"

"आठवतो म्हणजे! बावीस तारीख. मंत्री आले होते ना पुलाच्या उद्घाटनाला. दिवसभर दिवे असे लखलखत होते, की मी पंख्याखाली झोपलो."

बावीसला गुरुवार. तेवीसला ती भांडखोर बाई.

सुलक्षणाबाई वळल्या, आणि साठ खाटांच्या त्या इस्पितळात त्यांना चालताना पाहायची सवय असलेल्या लोकांनी त्यांना पहिल्यांदाच पळताना पाहिलं.

धुण्याच्या खोलीत वाफ कोंदली होती. शेगडीवर मोठं पातेलं रटरटत होतं. कोपऱ्यात दोन कळश्या, तोंडाला चौपदरी धुवट लुगडं बांधलेलं. गोजराबाई हातमोजे घालून ओट्याशी उभ्या होत्या, आणि समोर पांढऱ्या कापडावर पारदर्शक नळ्या आणि स्टीलचे जोड ओळीनं मांडलेले. एखाद्या नवऱ्या मुलीचे दागिने मांडावेत, तसे.

"गोजराबाई, रोज शेवटचं खळबळणं कसल्या पाण्यानं करता?"

"मशिनीच्या पान्यानं. आज ती बंद हाय नव्हं."

"मग आज?"

"टाकीच्या पान्याला पावडर मारत्यात, बाई. डोळ्याला झोंबतंय ते पानी. काळजात जायाची नळी त्यानं धुवू? माझ्या मनाला न्हाई पटलं. म्हनून पहाटे वर जाऊन झऱ्याचं आनते. चार पदरातनं गाळते, दोनदा उकळते." त्यांचा चेहरा उजळला. "आज माझ्या लेकीसाठनं तीनदा उकळलंय."

"झऱ्याला पाणी आहे अजून?"

"मार्च हाय, करंगळीएवढी धार ऱ्हायलीया. शेवाळ बाजूला सारून भरावं लागतं. पर गोड हाय."

सुलक्षणाबाई ओट्यापाशी गेल्या.

"ती नळी खाली ठेवा, गोजराबाई."

"का वो?"

"आधी खाली ठेवा."

५

दुपारी नरहरी सरांच्या खोलीत चौघं होते : सर, मेधा, शैलेश आणि सुलक्षणाबाई. शैलेशला बोलावलं म्हणून सर चिडले होते. टेबलावर चौदावं पान पाहून आणखी चिडले.

"उकळलेलं पाणी!" सगळं ऐकून ते म्हणाले. "तेही दोनदा. वर नळ्या गॅसच्या पेटीत जातात. एक जंतू जिवंत राहत नाही. अहो, उकळलेल्या पाण्यानं कुणी मरतं का?"

"मला तेवढं कळत नाही, सर. मला वार कळतात. गुरुवारी वीज नसली की झऱ्याचं पाणी येतं, आणि त्या पाण्यानं धुतलेली नळी शुक्रवारी पंपाला लागली की माणूस भडकतो. तिन्ही वेळा. पंप लागला नाही तेव्हा भडकला नाही. मंत्र्यांमुळं वीज राहिली, मशीनचं पाणी मिळालं, तेव्हाही नाही. पंप लागला तेव्हा प्रत्येक वेळी शैलेशच होते. त्यांना बदलून काय होणार? वार कुठं बदलतोय?"

"पण जंतू नाहीत!"

"डॉक्टर मेधा," सुलक्षणाबाई वळल्या, "काल तुम्ही चप्पल म्हणालात. उकळल्यावर चोर मरतो. चप्पल जळते का?"

मेधा ताडकन उभ्या राहिल्या.

"नाही जळत! सर, मेलेल्या जंतूंच्या सालीतलं विष. शेवाळाच्या पाण्यात असले जंतू कोट्यवधी असतात. उकळलं की ते मरतात, पण त्यांची साल पाण्यातच राहते. गॅसनंही जात नाही. आपण ज्या चाचण्या केल्या त्यांत फक्त जिवंत जंतू दिसतात, म्हणून काही सापडलं नाही. हे पाणी प्यायलं तर पोट पचवून टाकतं. पण नळीच्या आत वाळून बसलं आणि थेट रक्तात गेलं, तेही पंपानं रखवालदार आधीच उठवलेले असताना…"

सरांनी चौदावं पान पुढ्यात ओढून पुन्हा वाचलं.

"अंदाज आहे," सर शेवटी म्हणाले. आवाज उतरला होता. "अंदाजावर नव्या नळ्यांचा एकुलता संच मी फोडू? तो आणीबाणीसाठी आहे. पुढचा यायला महिना लागतो. उद्या रात्री कुणी मरणाच्या दारात आलं तर त्याला काय सांगू?"

ते खोटं नव्हतं, म्हणूनच उत्तर अवघड होतं.

"घोटावड्याच्या बाजूला इंजेक्शनांचा कारखाना आहे," मेधा म्हणाल्या. "हे विष तिथं रोज तपासतात. एका समुद्री जीवाच्या रक्ताची पूड असते, ती नमुन्यात घालून तासभर ऊब द्यायची. विष असेल तर पाणी थिजतं. आज त्यांना सुट्टी आहे, उद्या सहाला पहिली पाळी सुरू होते."

"वैष्णवीला आठला टेबलावर घ्यायचंय."

"मग आम्ही आठच्या आत येऊ," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

६

शुक्रवारी सकाळी पावणेआठला वैष्णवी स्ट्रेचरवर बसूनच थिएटरच्या दाराशी आली. आईचा हात तिनं सोडला नव्हता. पुण्याचा पंपवाला आत तयार होता. त्याच्या पुढ्यात नळ्यांची दोन पाकिटं होती : झऱ्याच्या पाण्यानं धुतलेलं आणि नवं, न फोडलेलं.

"आये, त्या नळ्या तू धुतल्यास नव्हं?"

गोजराबाईंना कालपासून कुणी धड सांगितलं नव्हतं. पण नळ्या हातातून काढून घेतल्यावर काय उमगायचं ते बाईमाणसाला उमगतंच. त्यांनी मोकळ्या हातानं लेकीची चादर सारखी केली.

नरहरी सरांनी हात धुवायला सुरुवात केली. घड्याळात आठ वाजून दोन मिनिटं झाली. तीन. "मेधा आल्या का?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

आठ वाजून सहा मिनिटांनी स्कूटरचा आवाज आला. सुलक्षणाबाई मागं बसलेल्या, आणि पर्स धरावी तसं त्यांनी छातीशी एक खोकं धरलं होतं. त्यातून मेधांनी दोन बारीक काचनळ्या काढल्या.

"हे मशीनचं पाणी." त्यांनी पहिली उलटी केली. पाणी सरकन खाली आलं.

"आणि हे कालच्या नळीतलं धुवण."

त्यांनी दुसरी उलटी केली. पाणी खाली पडलं नाही. खरवसासारखं थिजून काचेच्या तळाला चिकटून राहिलं.

नरहरी सर त्या काचेकडे बघत राहिले. ओल्या कोपरांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"नवा संच फोडा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि शैलेशला बोलवा. त्याचा हात मला माहीत आहे."

"ते बाहेरच उभे आहेत," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "सर, आणखी एक. चौदावं पान फाइलमध्ये परत जाणार, आणि त्यावरची ओळ खोडली जाणार नाही. हैबतरावांना मी सांगितलं, तर त्यांना वाटेल कारकून बोलतेय. तुम्ही सांगा."

सर नळाकडे वळले. "पोरीचं होऊ दे," ते म्हणाले. "मग मी फाटकापाशी जातो."

आणि गेले. दुपारी एकला, थिएटरचा हिरवा अंगरखा न बदलता. हैबतरावाशेजारी कट्ट्यावर बसून काय बोलले ते कुणी ऐकलं नाही. हैबतराव उठला, सरांच्या अगदी तोंडासमोर उभा राहिला. पाहणाऱ्यांना वाटलं, आता मारतो. मग त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली. "लिवून द्या," तो म्हणाला. "तोंडी नगं. गेणबाच्या पोरांस्नी दावायला लागंल." सरांनी लिहून दिलं. सुलक्षणाबाईंनी त्याची प्रत चौदाव्या पानामागं लावली आणि दोरीला शैलेशची चपटी गाठ मारली. सुरगाठ कुणालाही सुटते.

वैष्णवीला संध्याकाळी थोडा ताप आला, शंभराच्या आत. रक्तदाब हलला नाही. शनिवारी दुपारी घशातली नळी काढली, तेव्हा ती चार वर्षांत पहिल्यांदा एका उशीवर पडून होती.

गोजराबाई दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या. सुलक्षणाबाई शेजारी टेकल्या.

"बाई, खरं सांगा. गेनबा माझ्या हातानं गेला का वो?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण नऊ वर्षं ज्या बाईनं एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, तिला ते जमेना.

"पाणी तुमचंच होतं, गोजराबाई. पण वीज नसली तर कुठलं पाणी घ्यायचं, हे तुम्हाला सांगायचं काम आमचं होतं. सहा आठवडे तुम्ही पहाटे डोंगर चढत होतात, आणि आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही की का. तेही त्या कागदावर लिहिलंय."

गोजराबाई रडल्या नाहीत. हातांकडे बघत राहिल्या, वाफेनं सोललेल्या.

"मी जाईन घोटावड्याला. त्याच्या बायकुला भेटाया."

"मी येते बरोबर."

आतून परिचारिकेनं हाक मारली, "मावशी, वैष्णवी पाणी मागतेय. थोडं थोडं चालेल."

गोजराबाई लगबगीनं उठल्या. काखेतली बाटली सवयीनं हातात आली, टोपण अर्धं फिरलं आणि तिथंच हात थांबला. त्यांनी सुलक्षणाबाईंकडे पाहिलं.

"आये," आतून घोगरा, बारीक आवाज आला, "आपल्या झऱ्याचं आनलंयस नव्हं?"

गोजराबाईंनी बाटली पुढं केली. "बाई… पाजू का?"

"उकळलंय?"

"दोनदा."

"मग पाजा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "पोट त्याला ओळखतं."